घर पाहावे विचारून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. ही म्हण रूढ झाली तेव्हा घरधनी स्वतः पायावर उभा राहत असे. पाया किती खोल गेला, चुना किती दिवस मळला, तुळईचे लाकूड कुठल्या रानातले, हे त्याला ठाऊक असे. त्याला नसले तर त्याच्या गवंड्याला असे. आता आपल्यापैकी पुष्कळांच्या वाट्याला तयार घर येते. ते दुसऱ्याने बांधलेले असते, तिसऱ्याने वापरलेले असते, आणि चौथा माणूस मध्ये पडून ते आपल्याला दाखवत असतो. बांधताना जे आपोआप कळत होते ते आता विचारून घ्यावे लागते. विचारणे मात्र आपल्याला जमत नाही, आणि ते का जमत नाही, ह्याविषयी मला चार शब्द लिहायचे आहेत.

आम्हा सीमाभागातल्या माणसांना कागद पाहण्याची सवय फार आहे. तिला कारणही आहे. एकाच घराचे जुने खत मोडीत असते, त्यानंतरचे बाळबोध मराठीत, आणि १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेल्यावर हळूहळू उतारे कन्नडात आले. तीन लिप्यांत विखुरलेली मालकी जुळवायची म्हणजे मोडी वाचणारा शोधा, वकील गाठा, उपनिबंधकाच्या कचेरीतून तीस वर्षांची ईसी काढा, सिटी सर्व्हेचा नकाशा जुळवा. हे सगळे आपण चिकाटीने करतो. त्यासाठी रजा काढतो, पैसे मोजतो. विकणारा सख्ख्या मावसभावासारखा असला तरी कागद पाहण्यात कोणी कमीपणा मानत नाही. “व्यवहार तो व्यवहार” असे म्हणून दोघेही हसतात.

आणि ज्या घरासाठी हे चालते ते घर आपण पाहतो अर्धा तास. त्यातली वीस मिनिटे चहापोह्यांत जातात. देवघर कुठल्या दिशेला, स्वयंपाकघरात उजेड किती, गाडी दारात उभी राहील का, एवढे पाहिले की घर ‘पसंत’ होते. घराची प्रकृती कशी आहे, हे जाणकाराला दाखवून लेखी घ्यावे, असे कोणी सुचवले तर मात्र चारचौघे चपापतात. “ओळखीच्या माणसाचं घर, त्याच्यापुढे हातोडी घेऊन भिंती ठोकायच्या?” कागद तपासले तर तो व्यवहार, आणि भिंत तपासली तर तो अविश्वास, असा हा विचित्र भेद आहे.

आधी ही तपासणी म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण पुष्कळांच्या मनात तिच्याविषयी दोन गैरसमज असतात. पहिला असा की बँकेचा मूल्यांकन करणारा येऊन गेला म्हणजे घर तपासून झाले. तसे नाही. कर्ज बुडाले तर घर विकून पैसे वसूल होतील का, एवढे बँकेला पाहायचे असते. न्हाणीघराची भिंत पाणी पिते का, हा प्रश्न बँकेचा नाही. दुसरा गैरसमज असा की तपासणी म्हणजे घराला नावे ठेवणे. खरे तर तो डॉक्टरच्या तपासणीसारखा भाग आहे. जाणता इंजिनिअर भिंतीला पायथ्याशी पांढरा खार फुटला आहे का ते पाहतो, कारण जमिनीतले पाणी विटेतून वर चढते आणि सुकताना क्षार मागे ठेवते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग आणि गिलाव्यावरचे केसासारखे जाळे ह्यांतला फरक तो ओळखतो. पहिली पाया खचल्याची खूण असू शकते, दुसरी बहुधा गिलावा घाईने वाळल्याची. तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाला तो आर टोचून पाहतो, कारण वाळवी आणि कूज तिथूनच सुरू होते. स्लॅबवर हातोडीने हलके ठोकून कुठे पोकळ आवाज येतो ते ऐकतो. आतली सळई गंजली की गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या काही पट होते आणि तो वरचे काँक्रीट फोडून काढतो. कौले उतरवून पाहता आली नाहीत तर माळ्यावर बॅटरी घेऊन चढतो आणि रिपांवरचे पाण्याचे डाग मोजतो.

आपल्या मुलखात ह्याची गरज अधिकच आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेला, खानापूरकडे, मुसळधार पाऊस, लाल माती आणि जांभा. पूर्वेला काळी माती, जी पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वर्षातून दोनदा घराला हलवून पाहते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये जिल्ह्यात जी अतिवृष्टी आणि पूर झाले त्यांत किती घरे पडली हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. पाणी सगळीकडे सारखेच आले, पण पडण्यात घराघरांत फरक होता. पुष्कळ घरे पाण्यात उभी होती तेव्हा टिकली आणि पाणी ओसरून माती वाळू लागली तेव्हा बसली. अशा घराला नंतर रंग दिला की वरून काहीच दिसत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. बांधकाम खात्यातल्या नोकरीमुळे नातेवाईक आणि शेजारीपाजारी मला घर दाखवायला नेतात. शहापूर भागातले एक जुने कौलारू घर पाहायला असाच गेलो होतो. विकणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या, यजमान जाऊन काही वर्षे झालेली. घेणारा उद्यमबागेत नोकरी करणारा तरुण. त्याचे वडील आणि त्या बाईंचे यजमान एकेकाळचे मित्र. निघताना तो मला म्हणाला, “काका, तुम्ही या, पण हातोडीबितोडी नको ओ. मावशींना काय वाटेल? घरच्यासारख्या आहेत.”

मी म्हटले, “मी भिंती बघणार आहे रे. मावशींना नाही.”

घर चांगले होते. समोरचा सोपा ऐसपैस, खांब सागवानी, कौले खानापूरची. मधल्या खोलीत मात्र एक भिंत माझ्या डोळ्यांत भरली. बाकीच्या तिन्ही भिंतींचा रंग जुना, मळलेला; ह्या एकाच भिंतीला कमरेइतक्या उंचीपर्यंत नवा ऑइलपेंट. मी विचारले, “मावशी, ह्या एकाच भिंतीला रंग कशाला दिला?”

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “धाकट्यानं दिला. मी नको म्हणत होते. श्रावणात तिथं ओल चढते, खाली पाट ठेवला तर सकाळी ओला लागतो. पलीकडच्या गल्लीतलं गटार वर आलंय, त्याचं पाणी आहे.”

“मग आधी येऊन गेले त्यांना सांगितलं नाहीत?”

“कुणी विचारलंच नाही की ओ. जो येतो तो कागद मागतो.”

त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. त्या वाक्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. विचारले नाही म्हणून सांगितले नाही, ह्याला फसवणूक म्हणायचे का? आणि म्हणायचे नसेल, तर घेणाऱ्याचे जे नुकसान झाले असते ते कोणाच्या खाती मांडायचे?

कायद्याने ह्यावर विचार केलेला आहे, आणि तो वाटतो त्यापेक्षा बारीक आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १७ व्या कलमाखाली घोड्याची उदाहरणे दिली आहेत. ‘अ’ लिलावात ‘ब’ला घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे ‘अ’ला ठाऊक आहे, पण तो गप्प राहतो. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. पण ‘ब’ ही ‘अ’ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे सांगणे हे ‘अ’चे कर्तव्य ठरते. आणि तिसरे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते. ‘ब’ म्हणतो, “तू नाही म्हणाला नाहीस, तर घोडा निरोगी आहे असे मी धरून चालेन,” आणि ‘अ’ तोंड उघडत नाही. इथे त्याचे मौन हे बोलण्यासारखेच धरले जाते. मौन तेच, घोडा तोच. प्रश्न विचारला गेला एवढ्यानेच मौनाचे रूप बदलले.

ह्या उदाहरणांत आपल्या संकोचाला उत्तर आहे. “घरच्यासारख्या आहेत” म्हणून आपण विचारत नाही. आणि कायदा सांगतो की माणूस जितका घरचा, तितके सांगण्याचे कर्तव्य अधिक. नाते हे विचारण्याच्या आड येणारी गोष्ट नाही. ते विचारण्याचा हक्क देते.

घराच्या बाबतीत तर कायदा घोड्याच्या पुढे गेला आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे, वेगळा करार नसेल तर, विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला ठाऊक नसलेला महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. न सांगणे ही फसवणूक मानली जाते. मात्र तिथे एक अट आहे. तो दोष साधी काळजी घेऊन घेणाऱ्याला सापडण्यासारखा नसला पाहिजे. म्हणजे लपलेला दोष विकणाऱ्याने सांगायचा आणि उघडा दोष घेणाऱ्याने पाहायचा. करार कायद्याचे १९ वे कलमही तोच सूर लावते. दुसऱ्याने गप्प राहून फसवले, पण साधी दक्षता घेऊन खरे शोधून काढणे तुम्हाला शक्य होते, तर त्या कारणावर करार मोडून मागता येत नाही. अर्ध्या तासाच्या पाहणीला आणि चहापोह्यांना कोर्ट ‘साधी दक्षता’ म्हणेल की नाही, हे ज्याने त्याने मनाशी ठरवावे. आणि त्याच ५५ व्या कलमाने घेणाऱ्यावरही बोजा टाकला आहे. विकणाऱ्याच्या हक्काविषयी त्याला ठाऊक नसलेली आणि मालमत्तेची किंमत बरीच वाढवणारी गोष्ट घेणाऱ्याला माहीत असेल, तर ती त्यानेही सांगायची असते. ही बाजू आपल्याकडे फारशी कोणी उच्चारत नाही.

पण कायद्याने मान्य केले म्हणजे मनाने मान्य केले असे होत नाही. हा वाद जुना आहे. रोमचा सिसेरो ह्याने ख्रिस्तपूर्व ४४ साली कर्तव्यांविषयी जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात नेमके हेच उदाहरण आहे. एक भला माणूस घर विकतो आहे. घर रोगट आहे, लाकूड कुजके आहे, आणि हे त्या मालकावाचून कोणाला ठाऊक नाही. त्याने ते सांगावे का? डायोजिनीस आणि अँटिपेटर हे स्टोइक पंथातले दोन आचार्य; डायोजिनीस गुरू, अँटिपेटर शिष्य. सिसेरोने त्यांना समोरासमोर उभे केले आहे. डायोजिनीसचे म्हणणे, मालकाने घ्या म्हणून बळजबरी केली नाही. घेणाऱ्याला डोळे आहेत, अक्कल आहे. आपल्याच मालाचे दोष दवंडी पिटून सांगणारा विक्रेता कोणी पाहिला आहे का? अँटिपेटरचे म्हणणे, वाट चुकलेल्याला वाट न दाखवणे हे पाप. आणि दुसऱ्याला जाणूनबुजून चुकीच्या वाटेने जाऊ देणे हे तर त्याहून वाईट. सिसेरो स्वतः अँटिपेटरच्या बाजूने उभा राहतो. त्याने केलेला भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे. प्रत्येक मौन म्हणजे लपवणे नव्हे. पण ज्याला कळणे त्याच्या हिताचे आहे, त्याला आपल्या फायद्यासाठी कळू नये अशी इच्छा धरणे, हे लपवणे.

ह्या कसोटीवर मावशींचे मौन आणि धाकट्याचा ऑइलपेंट ह्यांची तुलना करून पाहा. मावशी नुसत्या गप्प होत्या. धाकट्याने कुंचला हातात घेतला तेव्हा ‘कळू नये’ ही इच्छा भिंतीवर उमटली. कमरेइतका रंग हे बोललेले खोटेच आहे, फक्त ते भिंतीकडून बोलवून घेतले.

तरीही डायोजिनीसला मी अगदीच मोडीत काढणार नाही. तो विकणाऱ्याला सवलत देतो तिथे तो चुकतो. पण घेणाऱ्याला ‘तुला डोळे आहेत’ असे बजावतो तिथे तो बरोबर आहे. नारदस्मृतीतही घेणाऱ्याने माल आधी स्वतः पारखून घ्यावा, असेच सांगितले आहे. तिथे पारखायला मुदतीही दिल्या आहेत: दुभत्या जनावराला तीन दिवस, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नांना सात, बियाण्याला दहा. वस्तूचा गुण कळायला जितका वेळ लागतो तितकी मुदत, हे त्यामागचे शहाणपण. गाय तीन दिवसांत दूध दाखवते. त्याच हिशेबाने घराला मुदत द्यायची तर ती एक पावसाळा द्यावी लागेल. आणि तेवढी कोणी देत नाही.

इथेच तपासणीची मर्यादा सुरू होते, आणि तपासणी करणारा माणूस म्हणून मी ती आधी सांगतो. वैशाखात घर पाहणाऱ्या इंजिनिअरला भिंतीवरचा खार दिसतो, श्रावण दिसत नाही. फरशीखाली काय आहे ते दिसत नाही. चांगला तपासनीस आपल्या अहवालात काय पाहिले त्याबरोबर काय पाहता आले नाही तेही लिहितो. त्या दुसऱ्या यादीतल्या गोष्टी फक्त त्या घरात राहिलेल्या माणसाला ठाऊक असतात. म्हणजे तज्ज्ञ आणून आपण विकणाऱ्याच्या जिभेची गरज संपवत नाही. तज्ज्ञामुळे आपल्याला कोणते प्रश्न विचारायचे ते कळते, एवढेच.

त्या दिवशीचा पुढचा भाग ह्याचसाठी सांगतो. ओलीची गोष्ट निघाल्यावर त्या तरुणाच्या बायकोने सरळ विचारले, “मावशी, आम्हाला माहीत असायला पाहिजे असं आणखी काही आहे काय?” बाईंनी तिच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “न्हाणीघर आहे ना, त्याच्याखाली आड आहे. नळ आला त्या साली ह्यांनी बुजवला. राडारोडा टाकून बुजवलाय, नीट नाही.” घेणाऱ्यांच्या मनात नेमकी तिथेच, मागच्या अंगाला, माडी चढवायची होती. बुजवलेल्या आडावरची माती वर्षानुवर्षे बसत राहते. तिच्यावर नवा मजला म्हणजे काय, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. पण तो आड माझ्या हातोडीला सापडला नसता. तो सापडला एका प्रश्नाला.

आणि मग तिसरी परीक्षा आली, ती घेणाऱ्यांची. मी ओलीच्या दुरुस्तीचा अंदाज काढला तो ऐंशी हजारांच्या घरात जात होता. बाहेर आल्यावर एजंट हळूच म्हणाला, “हीच वेळ आहे. चार लाख खाली ओढा. म्हातारीला पैशाची निकड आहे, सोडायची नाही.” मला त्या वेळी ऑइलपेंटपेक्षा हे वाक्य अधिक कुजके वाटले. दोष सापडला म्हणून दोषाइतके कमी करणे हा न्याय. समोरच्याची अडचण पाहून दोषाच्या पाचपट ओढणे ही लूट, आणि तिला तपासणीच्या कागदाचा शिक्का लावला म्हणून ती लूट राहत नाही असे नाही. ज्या माणसाने खरे सांगितले त्याला खरे सांगण्याचा दंड बसला, तर पुढच्या वेळी तो आणि त्याचे शेजारी काय शिकतील? ते रंगाचा डबा आणायला शिकतील. त्या दांपत्याने ऐंशी हजार कमी केले, माडीचा बेत बदलला आणि घर घेतले.

आता ह्याहून कठीण एक प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर मला अजून पुरते सापडलेले नाही. समजा, तपासणीत घर धोक्याचे निघाले आणि आपण व्यवहार सोडून दिला. आपल्या पैशांनी मिळालेले ज्ञान घेऊन आपण घरी आलो. दुसऱ्या आठवड्यात दुसरे कुटुंब तेच घर पाहायला जाते. आपण त्यांना सांगायचे का? पुष्कळ जण म्हणतील, आपले काय जाते. शिवाय मालकाशी वाकडेपणा कशाला? माझ्यापुरता मी असा भेद करतो. दोष पैशांचा असेल, म्हणजे ओल, जुने वायरिंग, गळणारे कौल, तर अहवालाची एक प्रत मालकाला द्यावी आणि पुढचे त्याच्या सद्‌सद्विवेकावर सोडावे. प्रत मिळाल्यावर ‘मला ठाऊक नव्हते’ हे वाक्य त्याला पुन्हा उच्चारता येत नाही. पण दोष जिवाचा असेल, सज्जा सुटायला आला असेल, खाली भाडेकरूंची पोरे खेळत असतील, तर तिथे मालकाची मर्जी राखणे हा विवेक नव्हे. त्या भाडेकरूंना सांगितलेच पाहिजे. तपासणीचे पैसे मोजण्याची ऐपत त्यांची नसते, आणि सज्जा पडतो तो बहुधा त्यांच्यावर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगावली ती मुख्यतः स्वतःच्याच घरांच्या चिखलात रचलेल्या दगडी भिंतींखाली आणि मातीच्या जड धाब्यांखाली. घराचा दोष ही नेहमीच लाख-दोन लाखांची बाब नसते.

ह्या प्रश्नावर स्कॉटलंडने एक वाट काढली आहे. तिथे एकाच घरासाठी चार इच्छुक असले तर चौघेही आपापली तपासणी करून घेत, आणि घर मिळे एकाला. बाकी तिघांचे पैसे जात. २००८ च्या डिसेंबरपासून तिथे घर विकायला काढणाऱ्यानेच, काही अपवाद सोडता, तपासणीचा अहवाल करून ठेवायचा आणि येईल त्या इच्छुकाला दाखवायचा, असा नियम झाला. त्याबरोबर मालकाने काही ठरावीक प्रश्नांची उत्तरेही लिहून द्यायची असतात. अहवालाचे पैसे विकणारा देतो म्हणून तो मऊ होईल, अशी शंका घेता येते. पण त्यामागची कल्पना मला पटते. घराचे खरे हे चार वेळा विकत घ्यायची वस्तू नव्हे.

आपल्याकडे नव्या इमारतींपुरती थोडी सोय झाली आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, ज्याला सगळे ‘रेरा’ म्हणतात, ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिला तर तो बिल्डरने तीस दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा आहे. पण जुने घर एका कुटुंबाकडून दुसऱ्या कुटुंबाकडे जाते तेव्हा तिथे बिल्डर नसतो आणि पाच वर्षेही नसतात. तिथे फक्त तुम्ही आणि मी असतो.

म्हणून घर घेणाऱ्याला माझे सांगणे असे की कागदांसाठी जितके कष्ट घेता त्याच्या चौथाईने भिंतींसाठी घ्या. ज्याला ह्या व्यवहारात दलाली नाही असा जाणकार न्या, त्याचे म्हणणे लेखी घ्या, आणि मग विकणाऱ्यापुढे बसून मोकळेपणाने विचारा. पावसात पाणी कुठे येते? काय बुजवले आहे? काय नंतर वाढवले आहे? कोणाशी वाद आहे? ह्यात त्याचा अपमान नाही. विचारल्याने त्याला खरे बोलण्याची संधी मिळते, आणि पुष्कळ माणसे त्या संधीची वाट पाहत असतात.

आणि विकणाऱ्याला सांगणे असे की खरेदीपत्राच्या कागदांबरोबर एक साधे पान स्वतःच्या हाताने लिहावे. आपल्याला घराविषयी जे ठाऊक आहे ते त्यात असावे, चांगले आणि वाईट दोन्ही. ह्या पानाची भाषा मात्र आपल्या सोयीची नसावी. आपल्या भागात मराठी घर कन्नड कुटुंबाकडे जाते, कन्नड घर मराठी कुटुंबाकडे येते. घेणाऱ्याला न वाचता येणाऱ्या भाषेत दोष लिहून त्याची सही घेतली, तर कायद्याचे समाधान होईलही, पण सांगितल्यासारखे होणार नाही. शेजारचा कोणी दुभाषा बोलवावा आणि वाचून दाखवावे. भिंत म्हणा की गोडे म्हणा, श्रावणात चढणारी ओल तीच आहे. ती ज्याला पुढे सोसायची आहे, त्याला त्याच्या भाषेत कळली पाहिजे.